टीमला ११ दिवस माहीत होतं, मला नाही

पाऊलवाट
सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले. नीट समजल्याशिवाय लिहायचं नव्हतं. अजूनही नीट समजलेलं नाही, म्हणूनच विचारते आहे.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. माझ्यासह १० जण. ग्राहकांची बिलं बनवणारी सिस्टिम आम्ही सांभाळतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडून शेकडो ग्राहकांना चुकीची बिलं गेली. एकेका बिलातला फरक किरकोळ होता, पण बिलातला आकडा एकदा चुकला की माणूस मागची सगळी बिलं काढून बसतो. तक्रारींचा ओघ सुरू झाला. तपासात असं निघालं की ज्या मुलाच्या कोडमध्ये चूक होती त्याला ती दुसऱ्याच दिवशी दिसली होती. कुणाला न सांगता त्याने ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला. दुरुस्ती काही बिलांना लागू झाली, काहींना नाही. मग त्याच्या शेजारी बसणारीच्या लक्षात आलं. तिने त्याला मदत केली, पण मला सांगितलं नाही. मग टेस्टिंग करणाऱ्याच्या लक्षात आलं. एकूण ११ दिवस माझ्या टीममधल्या तीन माणसांना सगळं माहीत होतं. मला कळलं ते ग्राहकाच्या ईमेलमधून.

चुका होतात, माझ्याही हातून झाल्यात. झोप उडवली ती त्या ११ दिवसांनी. तेव्हाही आम्ही रोज सकाळी स्टँडअपला, म्हणजे उभ्याने होणाऱ्या छोट्या मीटिंगला, जमत होतो. मी रोज विचारत होते, "काही अडलंय का?" आणि तिघंही रोज "नाही" म्हणत होते.

आमची टीम चांगली आहे असं मी सगळीकडे सांगायचे. कुणी आजारी पडलं की बाकीचे न सांगता काम वाटून घेतात. चार वर्षांत दोघंच सोडून गेले. मीटिंगमध्ये आवाज चढत नाहीत, भांडणं तर नाहीतच. आता वाटतं, ही शांतता मी चुकीची वाचली का?

त्या मुलाशी मी एकटीने बोलले. "सांगितलं का नाहीस?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मागे सर्व्हर बंद पडला होता तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे कुणी केलं?" मला आठवेना. घरी आल्यावर आठवलं. विचारलं होतं खरं. रागावले नव्हते, कुणाला काही बोललेही नव्हते. ज्या व्यक्तीने हात वर केला तिला "बरं, नंतर बोलू" एवढंच म्हणाले होते.

तीन शब्दांचा प्रश्न, तोही आठ महिन्यांपूर्वीचा. त्याने एवढं होतं का? आणि झालं असेल तर आता काय करायचं? सहली, एकत्र जेवणं, खेळ हे सगळं आम्ही करतो, त्यामुळे ते सुचवू नका ही विनंती. कामाच्या जागी माणसं खरं बोलू लागतात ती कशामुळे, हे तुमच्या अनुभवातून सांगा.

उलटतपासणी
सोमवार, रात्री ११:०५

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच वेगळं मत मांडतो. तुम्ही सगळं स्वतःवर घेताय. तीन प्रौढ माणसांनी ११ दिवस रोज सकाळी खोटं सांगितलं. त्यांच्या गप्प बसण्याची झळ ग्राहकांना लागली. आठ महिन्यांपूर्वीचा एक प्रश्न हे कारण म्हणून पुढे येत असेल तर ती मला पळवाट वाटते.

मी ऑडिटमध्ये २२ वर्षं आहे. लपवलेली चूक एकदा सोडून दिली की पुढची चूक आणखी खोल लपते. विश्वास दोन्हीकडून असतो. त्या तिघांनी तुमचा मोडला, त्याचं काय?

रात्रपाळी
मंगळवार, पहाटे ५:४०

ड्युटी संपवून लिहिते आहे. १७ वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे. आमच्याकडे लपवलेल्या चुकीची किंमत फार मोठी असते, म्हणून या विषयावर आम्हाला विचार करावाच लागतो.

एमी एडमंडसन या अभ्यासिकेचं एक संशोधन आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेलं. रुग्णालयाच्या वेगवेगळ्या विभागांत औषध देताना किती चुका होतात हे त्या बघत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. जिथे टीम चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा उलगडलं की चांगल्या टीम जास्त चुकत नव्हत्या, त्या चुका सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका नोंदवहीपर्यंत पोचतच नव्हत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडला आणि टीममधली 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तर त्रास होणार नाही हा भरवसा, ही कल्पना तिथून सर्वत्र पोचली.

पाऊलवाट ताई, तुमच्या टीममध्ये चार वर्षांत किती चुका तुमच्यापर्यंत आपणहून आल्या? ती संख्या फार कमी असेल तर मला तिचीच काळजी वाटेल.

आता माझं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पेशंटच्या इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणाऱ्या यंत्राचा, वेग चुकीचा लावला. काही मिनिटांत लक्षात आलं. हातपाय गार पडले. जवळपास कुणी नव्हतं. वेग नीट करून गप्प बसता आलं असतं. मी सिस्टर इनचार्जना हाक मारली. त्या धावत आल्या आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बीपी किती आहे?" दुसरं, "डॉक्टरांना मी कळवते, तू इथून हलू नकोस." मी रडायला लागले तर म्हणाल्या, "नंतर. आधी पेशंट."

शिफ्ट संपल्यावर मला बसवून त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. कुठे उभी होतीस, उजेड किती होता, आधी कोणत्या पेशंटकडे होतीस. त्यातून कळलं की सारखे दिसणारे दोन पंप शेजारीशेजारी होते आणि औषधांच्या नावाच्या पट्ट्या मागच्या बाजूला होत्या. आठवड्याभरात सगळ्या विभागात पट्ट्या समोर आल्या. माझ्या चुकीची नोंद झाली, माझ्या नावासकट. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्या नोंदीतून काहीतरी सुधारलं होतं.

तुमच्या प्रश्नात आणि त्यांच्या प्रश्नात फरक एवढाच आहे. "हे कुणी केलं?" आणि "पेशंट कसा आहे?"

जुना_खांब
मंगळवार, सकाळी ९:१५

रात्रपाळी, फार मोलाचं लिहिलंत.

मी निवृत्त आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आधी सुपरवायझर, मग शॉप मॅनेजर होतो. आमच्या धंद्यात टोयोटाची अँडन दोरी सगळ्यांना माहीत असते. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं तर त्याने दोरी ओढायची. पुष्कळांना वाटतं की दोरी ओढली की लाइन लगेच थांबते. तसं नसतं. दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर त्या माणसाजवळ जातो. गाडी त्या टप्प्याच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत प्रश्न सुटला तर दोरी पुन्हा ओढायची आणि लाइन चालू राहते. नाही सुटला तरच थांबते. म्हणजे दोरीचा पहिला अर्थ 'थांबवा' नसून 'माझ्याकडे या' असा आहे.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, संप, दर्जा कंपनीतल्या सगळ्यात वाईटांपैकी. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने मिळून तोच कारखाना नुम्मी या नावाने सुरू केला. कामावर घेतलेल्यांत बहुतेक जुनेच कामगार होते. संघटनाही तीच. थोड्याच काळात त्याच माणसांनी बनवलेल्या गाड्या जीएमच्या सर्वोत्तम गाड्यांत मोजल्या जाऊ लागल्या.

लोक ही गोष्ट सांगताना दोरीवर थांबतात. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गाडीची मागणी घसरली. काम नव्हतं. तरी कुणाला काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षण दिलं, सुधारणांच्या कामाला लावलं. कामगारांनी तोवर ऐकलेल्या शब्दांची तिथे परीक्षा झाली.

आमच्याकडे एका कंपनीत अशीच यंत्रणा बसवली होती, दोरीऐवजी बटण. पण त्या बटणाचा दिवा मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या फलकावर लागायचा आणि महिनाअखेर कुठल्या स्टेशनवरून किती वेळा लागला याची यादी निघायची. पहिल्या आठवड्यात बटणं दाबली गेली. तीन आठवड्यांत फलक कायमचा काळा झाला. वरचे लोक खूश, की आता अडचणीच नाहीत. रिवर्कच्या, म्हणजे पुन्हा दुरुस्त कराव्या लागणाऱ्या मालाच्या, ढिगाकडे बघायला कुणी तयार नव्हतं. मी तेव्हा सुपरवायझर होतो. हे चाललेलं मला दिसत होतं. मी बोललो नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

तुमचा रोजचा "काही अडलंय का?" हा प्रश्न मला त्या बटणासारखा वाटला. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, घाईत विचारलेला.

नवीनच
मंगळवार, दुपारी १:३०

मी दुसऱ्या टोकाला आहे. नोकरीला दोन वर्षं झाली. त्या मुलाच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते, म्हणून लिहायचं धाडस करते.

मोठ्या पदावरच्या लोकांना वाटतं की आम्ही त्यांचं बोलणं ऐकतो. 'माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे' वगैरे. खरं तर आम्ही ते बोलणं आलं तसं सोडून देतो. आम्ही बघतो. वाईट बातमी ऐकताना लीडचा चेहरा कसा होतो. लॅपटॉपवरून हात बाजूला होतात की टायपिंग चालूच राहतं. सांगणाऱ्याला पुढच्या आठवड्यात कोणतं काम मिळतं. हे सगळं आम्ही एकमेकांना सांगतो. टीममध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी हळूच सांगतं, "यांना ही गोष्ट सांगायची, ती नाही." मलाही सांगितलं होतं.

आणि खोटं बोलायचं असं कुणी ठरवत नाही. पहिल्या दिवशी वाटतं, संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल, मग सांगू. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर 'काल का नाही सांगितलं' हाही हिशेब द्यावा लागतो. पाचव्या दिवशी चुकीपेक्षा उशीर मोठा झालेला असतो. तो मुलगा ते ११ दिवस कसा जगला असेल याची मला कल्पना आहे.

उलटतपासणी सर, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. खोटं ते खोटंच. पण तिघांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता तेच ठरवलं, तेव्हा त्याचं कारण फक्त त्या तिघांत शोधून कसं चालेल?

पाऊलवाट ताई, एक विचारू का? त्या दिवशी ज्या व्यक्तीने हात वर केला, तिचं पुढे काय झालं?

पाऊलवाट
मंगळवार, रात्री ११:५०

नवीनच, तुझा प्रश्न दुपारी वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. जुने ईमेल काढून बघितले.

हात वर करणारी आमच्यातली एक अनुभवी इंजिनिअर होती. रिलीजचं काम तीच बघायची, म्हणजे नवीन कोड ग्राहकांपर्यंत जाण्याआधीचं शेवटचं जबाबदारीचं काम. सर्व्हर बंद पडल्यानंतर नऊ दिवसांनी मी ते काम दुसऱ्याकडे दिलं. ईमेलमध्ये लिहिलं होतं, "तिच्यावर सध्या भार जास्त आहे." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तिच्या घरी अडचण होती, ती दमलेली दिसायची. मी तिला विचारलं नाही, परस्पर ठरवलं. आणि त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध लागू शकतो हे आठ महिने माझ्या मनातही आलं नाही.

टीमला दिसलं ते असं: तिने हात वर केला आणि नऊ दिवसांत तिचं काम गेलं.

आज यापेक्षा जास्त लिहवत नाही. रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चार वर्षांत आपणहून माझ्यापर्यंत आलेल्या चुका दोन. त्यातली एक माझीच होती.

धावपट्टी
बुधवार, सकाळी ८:१०

पाऊलवाट, इतकं सरळ लिहिल्याबद्दल आभार.

मी विमान देखभालीत आहे. आमच्या क्षेत्राला हा धडा फार माणसं गमावून मिळाला. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओवरचे संदेश एकमेकांवर चढून ऐकू येत नव्हते, अशी बरीच कारणं आहेत. पण उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरून बाहेर गेलं नसेल तर? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, वैमानिकांना शिकवणारा माणूस. त्याने ठामपणे सांगितलं की ते गेलंय. इंजिनिअरने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीचं विमान पोर्टलंड शहरावर जवळजवळ तासभर घिरट्या घालत होतं, कारण कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन संपत आलंय हे बाकीच्या दोघांना दिसत होतं. त्यांनी सांगितलंही, पण आडून, हलक्या आवाजात. विमान इंधन संपून पडलं, १० जण गेले.

त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने सगळ्या क्रूला एकत्र बसवून प्रशिक्षण सुरू केलं. त्याला आता क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्यात कनिष्ठाला 'हिंमत धर' एवढंच सांगून सोडत नाहीत. शंका कोणत्या शब्दांत मांडायची, उत्तर मिळालं नाही तर पुन्हा कशी मांडायची याचा सराव करून घेतात. आणि कॅप्टनला शिकवतात की विचारणं ही तुझी जबाबदारी आहे, समोरचा बोलेल याची वाट बघू नकोस.

उलटतपासणी, तुमच्या मुद्द्याला धरून एक सांगतो. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांसाठी चूक कळवण्याची एक व्यवस्था आहे. ती चालवते नासा, दंड करणारी यंत्रणा वेगळी. चूक नकळत झालेली असेल आणि १० दिवसांच्या आत कळवली तर नियमभंगाच्या कारवाईत दंड किंवा परवाना निलंबनापासून संरक्षण मिळतं. मुद्दाम केलेलं कृत्य, गुन्हा, अपघात यांना ते लागू नाही. म्हणजे सरसकट माफी नाही, पण सांगण्याची वाट स्पष्ट आहे आणि तिला मुदतही आहे.

उलटतपासणी
बुधवार, सकाळी १०:४५

धावपट्टी, हे मला पटलं. मुदत आणि मर्यादा दोन्ही आधीच ठरलेल्या आहेत, त्यामुळे गप्प बसणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

पाऊलवाट, माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण तो अपुरा होता. रिलीजचं काम काढून घेतल्याचं वाचल्यावर चित्र बदललं. ऑडिटमध्ये आम्ही नेहमी सांगतो की एखादी नोंद कुठेच सापडत नसेल तर ती करणाऱ्याला काय भोगावं लागतं ते आधी बघा. इथे मीच ते बघितलं नव्हतं.

तरी त्या तिघांशी स्पष्ट बोलणं टाळू नका. 'तुम्ही सांगितलं नाहीत, त्याने ग्राहकांचं नुकसान झालं' हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकायला हवं. ते न बोलता तुम्ही फक्त स्वतःची चूक कबूल केलीत तर त्यांच्या मनातलं ओझं तसंच राहील. माणसाला जाब विचारणं हाही त्याच्यावरचा विश्वासच असतो.

रात्रपाळी
बुधवार, दुपारी ४:००

उलटतपासणी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. आमच्या इनचार्जनी मला काहीच विचारलं नसतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

खिडकी
बुधवार, रात्री ९:३०

मी पूर्ण वेळ घरून काम करते. टीममधल्या चौघांना अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. नवीनच म्हणते तसा चेहरा आम्हाला दिसत नाही, तर आम्ही काय वाचतो? मेसेज पाहिल्याची खूण आली आणि तासभर उत्तर नाही, म्हणजे रागावले. नुसतं "ओके" आलं, म्हणजे रागावले. "बोलूया" आलं, म्हणजे फारच रागावले. माझ्या लीडला हे मी एकदा सांगितलं. तेव्हापासून ती लिहिते, "वाचलं. आता मीटिंगमध्ये आहे, चार वाजता बघते. सांगितलंस ते बरं झालं." तेवढ्या तीन वाक्यांनी माझी दुपार वाचते.

आणखी एक बदल तिने केला. तिच्या स्वतःच्या चुका ती सगळ्यांच्या चॅनेलमध्ये लिहिते, आमच्या चुका आधी आमच्याशी एकटीने बोलते. आधीच्या ठिकाणी नेमकं उलटं होतं. वर कीबोर्डवर किती वेळ हात चालले हे मोजणारं सॉफ्टवेअरही होतं. तिथे आम्ही एकमेकांनाही काही सांगत नसू.

दोन_बाजू
गुरुवार, सकाळी ७:५०

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहिली असं वाटतं. लीडच्या वरही कुणीतरी असतं.

मी मधल्या पातळीवरचा मॅनेजर आहे. टीमने मला वाईट बातमी विश्वासाने सांगितली की माझी परीक्षा पुढच्या तासाभरात, वरच्या मीटिंगमध्ये होते. तिथे मी "आमच्याकडून चूक झाली" म्हणतो की नाव घेतो? ते टीमपर्यंत पोचतंच. खालच्यांसमोर प्रेमळ आणि वरच्यांसमोर नाव घेऊन मोकळं होणारे मॅनेजर मी पाहिलेत. त्यांना त्यांची टीम ओळखून असते.

दुसरं, मूल्यमापनाची पद्धत. माझ्या आधीच्या कंपनीत दरवर्षी टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना सगळ्यात खालची श्रेणी द्यावीच लागायची, टीम कितीही चांगली असली तरी. आठ चांगल्या माणसांतून एक 'वाईट' शोधायचा. तिथे मी विश्वासाबद्दल कितीही बोललो असतो तरी काय उपयोग? शेजारच्याची चूक उघड झाली की आपण वाचलो, असा हिशेब पद्धतीनेच मांडून दिला होता. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. दर्जा व्यवस्थापनाचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी १४ मुद्दे मांडले आहेत. त्यातला आठवा भीती घालवण्याचा आहे आणि अकरावा व बारावा आकड्यांचे कोटे आणि वार्षिक गुणांकन काढून टाकण्याबद्दलचे. हे मुद्दे एकाच यादीत आहेत, याला माझ्या मते कारण आहे.

पाऊलवाट, तुमच्याकडे अप्रेझलमध्ये चुकांची संख्या मोजतात का? मोजत असतील तर तुमचं बोलणं कितीही बदललं तरी अर्धंच काम होईल.

जुना_खांब
गुरुवार, सकाळी ९:००

दोन_बाजू, अगदी हेच. आमच्या फलकाखालची ती महिनाअखेरची यादी म्हणजे दुसरं काय होतं?

पाऊलवाट
शुक्रवार, रात्री १०:३०

दोन_बाजू, हो. 'प्रॉडक्शनमधल्या चुका', म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचलेल्या चुका, असा एक रकाना आहे. फॉर्म मीच भरते आणि इतकी वर्षं तो काही न वाटता भरत आले. तो काढणं माझ्या हातात नाही, पण उद्या वरिष्ठांशी बोलायची वेळ घेतली आहे. सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचते आहे. काही केल्यावरच परत लिहीन.

पाऊलवाट
रविवार, सकाळी ११:१५ (सहा आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून सांगते.

आधी तिच्याशी बोलले, जिचं काम मी काढून घेतलं होतं. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम केलंत." आठ महिने तिने तसं मानून माझ्याबरोबर रोज काम केलं. रिलीजचं काम परत घेशील का विचारलं तर नको म्हणाली. मला वाटलं होतं आनंदाने घेईल. तिने कारण दिलं नाही, मीही ओढून घेतलं नाही.

मग त्या तिघांशी, एकेकाशी. उलटतपासणी यांनी सांगितलं होतं तसं स्पष्ट बोलले. टेस्टिंग करणारा म्हणाला की त्याने दोनदा मला लिहायला घेतलेला मेसेज पुसला होता. मुलगा बोलला नाही फारसं, पण दुसऱ्या दिवशी त्याने त्या ११ दिवसांत काय काय केलं ते तारखांसकट लिहून पाठवलं. मी मागितलं नव्हतं.

जिचं रिलीजचं काम काढून घेतलं होतं तिला विचारून, तिची हरकत नाही म्हटल्यावर, पूर्ण टीमसमोर मी माझी बाजू सांगितली. कुणी काही बोललं नाही. फार अवघड शांतता होती. दोन आठवडे काहीच बदललं नाही आणि मला वाटलं, उशीर झाला.

स्टँडअपमधला "काही अडलंय का?" बंद केला. त्याऐवजी मी स्वतः फिरते, प्रत्येकाजवळ जाऊन विचारते, "काल दिवसभरात कशात जास्त वेळ गेला?" याला "नाही" असं उत्तर देता येत नाही. चूक कळवायची असेल तर त्याच दिवशी, अर्धवट माहिती असली तरी चालेल, आणि ती ज्याच्या हातून झाली त्याचं नाव मी टीमबाहेर नेणार नाही, एवढं लिहून दिलं. अप्रेझलचा रकाना अजून तसाच आहे. वरिष्ठ म्हणाले पुढच्या वर्षी बघू. टीमला तेही सांगितलं, जसंच्या तसं.

मागच्या सोमवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, या महिन्याचं रिलीज मी बघते, पुढचं नंतर ठरवू.

आणि परवा दुपारी त्या मुलाचा मेसेज आला. "एक गोष्ट बिघडली आहे. माझ्याकडून. नक्की किती ते अजून कळलं नाही. आता येऊ का?" मी घड्याळ बघितलं. बिघाड झाल्याला २० मिनिटं झाली होती.

नवीनच
रविवार, दुपारी १२:०५

ताई, वाचून खूप बरं वाटलं. तो आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात?

पाऊलवाट
रविवार, दुपारी १२:४०

"किती ग्राहकांपर्यंत गेलंय?" मग दोघांनी मिळून बघितलं. चाळीसच्या आत होते, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दुरुस्त बिल आणि पत्र गेलं. तेव्हा माझा चेहरा कसा होता, ते मात्र त्यालाच विचारावं लागेल. उद्या विचारते.